फायनलला शिट्टी कुणाची

कोल्हापूर, ५ ऑक्टोबर १९९८

आकारामास भूपालचा जय जिनेंद्र.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच कपाटावर टाकशील, हे मला ठाऊक आहे. तरीही फोडलं असलंस तर पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. हे पत्र भांडणाचं नाही आणि समेटाचंही नाही. हे हॉकीचं आहे. मुलाच्या घरी नाशकात तुला सगळं सुख असेल, पण आपल्या विहीर तालमीचा फुलबॅक यंदा कसा खेळतोय हे तुला तिथं कोण सांगणार? म्हणून मी लिहितो. उत्तराची अपेक्षा नाही.

यंदा आपण जिल्हा अजिंक्यपद घेतोय. हे मी दुकानात बसून, डोकं थंड ठेवून लिहितोय.

कारणं ऐक. पहिलं म्हणजे गडमुडशिंगीचा एक पोरगा मिळालाय, प्रसेनजीत कांबळे. राइट विंगला खेळतो. वडील एसटीच्या वर्कशॉपात आहेत, पोरगा सायकलवरून रोज सरावाला येतो आणि आल्या आल्या दमलेला नसतो. बॉल काठीला चिकटल्यागत घेऊन पळतो. तू बघितलास तर शिट्टी तोंडात तशीच विसरशील. दुसरं, गोलकीपर जुनाच, पण आता त्याचं लग्न झालंय, त्यामुळे स्थिर झालाय. तिसरं, फुलबॅक आणि कॅप्टन आपला जिनेश. माझा मुलगा म्हणून सांगत नाही. गोलसमोरच्या डीमध्ये तो उभा असला की समोरच्याचा सेंटर फॉरवर्ड आधी त्याच्याकडे बघतो आणि मग बॉलकडे.

कट्ट्यावर मात्र रोज भांडणं. गणपतराव कंडक्टर रिटायर झाल्यापासून त्यांना बोलायला पूर्ण दिवस मिळतो. त्यांचं म्हणणं, सेंटर हाफ नोकरीला लागून पुण्याला गेला, आता मधली फळी म्हणजे दार नसलेलं घर, सेमीफायनलच्या पुढं गाडी जात नाही. मी म्हटलं, गणपतराव, तुमच्या गाडीला कधी पुढं जायची सवय होती? तर चिडले. चहा आला, चहा संपला, परत भांडण. सगळं गाव फुटबॉलमागं वेडं असताना आपल्या आज्या-पणज्यांनी कुस्तीच्या तालमीत ही हॉकी कुठून गळ्यात बांधून घेतली देव जाणे, पण भांडायला तिच्यासारखी दुसरी नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तालमीत नेहमीसारखा विडा ठेवला. तुला वेगळं सांगायला नको. ज्यानं विडा उचलला त्यानं हंगामाचा शब्द द्यायचा, आणि शब्द खोटा पडला तर पुढचं वर्षभर त्याच्या बोलण्याला कट्ट्यावर किंमत शून्य. गेली दोन वर्षं विडा तबकातच सुकला होता. यंदा मी उचलला. म्हटलं, अजिंक्यपद, त्याच्या खाली काही नाही. घरी येऊन तुझ्या अक्काताई वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, वर्षभर तुमचं कुणी ऐकलं नाही तर आम्हालाच बरं.

शहाण्णवची फायनल मी या पत्रात काढणार नव्हतो, पण कट्ट्यावर ती रोज निघते, मी तरी काय करू? उंबर तालमीबरोबर एक-एक. शेवटची मिनिटं. त्यांचा फटका गोलात जात होता, जिनेशनं लाइनवर अडवला. सगळ्या विहीर गल्लीनं बघितलं की काठीनं अडवला. फक्त पंचानं बघितलं की पायानं अडवला. आणि पंच कोण, तर आपल्याच गल्लीतला, माझ्या शेजारच्या बाकावर शिकलेला आकाराम घोरपडे. पेनल्टी स्ट्रोक दिलास, त्यांनी मारला, अजिंक्यपद उंबरकट्ट्यावर गेलं. एवढंच. आणखी लिहीत नाही.

तुझ्या घराचं कुलूप ठीक आहे. येता जाता बघतो.

भूपाल


कोल्हापूर, २७ ऑक्टोबर १९९८

आकाराम,

दिवाळी झाली. तुझं उत्तर नाही. उत्तराची अपेक्षा नाही असं मीच लिहिलं होतं, पण माणूस लिहितो त्यातलं सगळं खरं मानायचं नसतं, हे तुला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

आता एक गोष्ट सांगायची आहे. रागावणार असशील तर आधी पाणी पी.

पाडव्याच्या सकाळी मी लक्ष्मीपुरीत दुकान उघडून सुतळीची बंडलं बाहेर मांडत होतो, तर उंबर तालमीचा तातोबा आला. बरोबर त्याचे चार पाठीराखे. माणूस दिवाळीचा नमस्कार घालायला आला असेल असं मला वाटलं. त्यानं नमस्कार घातला आणि लगेच म्हणाला, विडा उचललाय म्हणं. मी म्हटलं, उचललाय. मग दुकानाच्या पायरीवर असा वाद सुरू झाला की गिऱ्हाईकं दोर घ्यायचं विसरून उभी राहिली. त्यांचा गोलकीपर, आमचा विंगर, त्यांचा पेनल्टी कॉर्नर, आमची मधली फळी. मी एकटा आणि ते पाच, तरी त्यांचा घाम काढला. त्यांच्या कॉर्नर मारणाऱ्या पोराचा खांदा गेल्या हंगामापासून दुखतोय, ही गोष्ट त्यांना वाटतं आपल्याला माहीत नाही. मी खांद्याचं नाव काढल्यावर तातोबाचा चेहरा उतरला.

उतरला म्हणून मी खूश झालो, तिथंच घोटाळा झाला. हरायला लागलेला माणूस घाण बोलतो. तातोबा म्हणाला, "जिंकशीला की. यंदा असोसिएशनवर तुमचीच माणसं हाईत. पंच तुमच्या पंगतीला जेवणारं. जिंकशीला न्हाय तर काय?"

यंदा असोसिएशनमध्ये आपल्या गल्लीतले दोघं निवडून आलेत, हे खरं आहे. पण म्हणून जिनेशनं आणि त्या मुडशिंगीच्या पोरानं घाम गाळून आणलेला कप लोकांनी पंचाचा म्हणायचा? माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि भर लक्ष्मीपुरीत म्हणालो, "फायनलला शिट्टी आकारामची. बोल, चालतंय?"

पाठीराखे एकमेकांकडे बघायला लागले. सगळ्या कोल्हापुरात असा एकच पंच आहे की ज्यानं विहीर तालमीच्या बाजूनं निकाल दिला असं कुणी म्हणू शकत नाही. ज्यानं स्वतःच्या गल्लीविरुद्ध स्ट्रोक दिला, त्याच्यावर उंबरवाले कुठल्या तोंडानं संशय घेणार? तातोबानं जरा विचार केला आणि म्हणाला, "चालतंय की. त्यो आला तर आमची हरकत न्हाय. पण त्यो येतोय कशाला तुमच्या गावात?"

मी म्हटलं, येतोय. मी शब्द देतो.

तर असं आहे. दोन वर्षं तुझ्याशी अक्षर बोललो नाही आणि तुझ्या वतीनं शब्द देऊन बसलो. असोसिएशनच्या सेक्रेटरींनाही त्याच दुपारी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, दोन्ही तालमींची हरकत नसेल तर आम्हाला आनंदच आहे, तेवढा त्यांचा होकार आणा. तुझं नाव अजून पॅनेलवर आहे. तू काढून टाक म्हणून कळवलंच नव्हतंस, म्हणून राहिलं. मला वाटतं तुलाही ते राहावं असं वाटत असणार.

कट्ट्यावर ही बातमी माझ्या आधी पोचली. गणपतराव म्हणाले, सापाला दूध पाजायला चाललाय. तिघंचौघं म्हणाले, आकाराम शिट्टी घेऊन उतरला तर आम्ही मैदानात पाय ठेवणार नाही. मी म्हटलं, नका ठेवू, तेवढी जागा मोकळी, ऐसपैस बसून बघीन. वरून बोललो असा. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

होकार कळव. जानेवारीत सामने आहेत. आपणच फायनलला जाणार आणि समोर उंबरवालेच येणार, यात मला काडीचीही शंका नाही.

भूपाल


कोल्हापूर, १६ नोव्हेंबर १९९८

आकाराम,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं ते हातात देण्याआधी वाचलं होतं हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. एवढं मोठं पोस्टकार्ड, त्यावर दोन ओळी. 'शिट्टी सोडली. जिनेशला विचारलंस का?' खाली सही. नमस्कार नाही, अक्काताई कशी आहे नाही, काही नाही. तुझी शिट्टीसुद्धा याहून लांब वाजायची.

जिनेशला काय विचारायचं? मी स्वतः गोलच्या मागं उभा होतो. बॉल काठीला लागल्याचा आवाज मी ऐकला. त्या गोंगाटात मला आवाज ऐकू आला नसणार असं तू म्हणशील. आला.

आणि तू शिट्टी सोडलीस म्हणजे काय? सोडायला पंचगिरी ही काय दारू आहे? तुला आठवतं, आपण शाळेत असताना सगळी पोरं सेंटर फॉरवर्ड व्हायला भांडायची आणि तू म्हणायचास मी पंच होतो. तुला कुणी वेडा म्हटलं तर मी मारामारी करायचो. तुझा निकाल पटला नाही तर तुझ्याशीही करायचो. पण सामना संपला की बॉल उचलून घरी आणायचं काम आपलं दोघांचं असायचं.

संघाचं सांगतो. सराव जोरात आहे. प्रसेनजीतला आता डावीकडूनही आत शिरता येतं. परवा सराव सामन्यात त्यानं तीन गोल मारले तर गणपतराव उभं राहून टाळ्या वाजवत होते, आणि मी बघतोय असं दिसल्यावर हात झटकून खाली बसले. मधल्या फळीत आम्ही जिनेशला पुढं घ्यायचा विचार केला होता. मी विरोध केला. फुलबॅक हलवला की घर हलतं. यावर आठवडाभर वाद झाला आणि शेवटी माझंच खरं झालं.

शहाण्णवच्या त्या संध्याकाळचं तू लिहिलं नाहीस, पण कार्डात जी जागा मोकळी सोडलीस तिथं तेच होतं. मी काय आंधळा नाही. रोज संध्याकाळी तू दुकानावर यायचास, पोत्यावर बसायचास, चहा व्हायचा. त्या दिवशी मैदानावरून तसाच पांढऱ्या कपड्यात आलास आणि मी तुझ्यासमोर दुकानाच्या फळ्या लावल्या. शेवटची फळी लावेपर्यंत तू उभा होतास. माझी बाजू एवढीच की माझा पोरगा घरी भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला सगळं गाव बोलत होतं, आणि ते कुणामुळं, तर माझ्या दोस्तामुळं. बापाला त्या वेळी दोस्त दिसत नाही.

त्यानंतर तू नाशकाला गेलास. गल्लीतलं कुणी बसस्टँडवर आलं नाही, हे मला नंतर कळलं.

होकाराची वाट बघतोय. तातोबा रोज दुकानावरून जाताना विचारतो, पावणं आलं का नाशकाचं? मी म्हणतो, येतंय.

भूपाल


कोल्हापूर, ३ डिसेंबर १९९८

आकाराम,

हे पत्र मी दोनदा सुरू करून फाडलं. आता जे आहे ते सरळ लिहितो.

मी जिनेशला विचारलं नाही. त्यानंच सांगितलं.

रविवारी सकाळी तालमीत संघनिवडीवरून बैठक होती. कट्ट्यावरचे सगळे आत आले होते. पोरं एका बाजूला भिंतीला टेकून बसली होती. गणपतरावांचा सूर आता बदललाय. ते म्हणत होते की यंदा कप आपलाच, कारण हिशोब सरळ आहे, शहाण्णवला तो स्ट्रोक दिला नसता तर आपण तेव्हाच अजिंक्य होतो. म्हणजे आपण हरलेला संघ नाही, लुटलेला संघ आहोत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. गेली दोन वर्षं आपली सगळी हिंमत त्या एका वाक्यावर उभी आहे. कुठलाही वाद तिथंच जाऊन थांबतो आणि मग सगळ्यांना बरं वाटतं.

जिनेश उठला. हातात काठी होती, ती त्यानं भिंतीला लावून ठेवली. म्हणाला, "पायाला लागला हुता."

कुणाला कळेचना तो कशाबद्दल बोलतोय. गणपतराव म्हणाले, काय पायाला लागला?

"बॉल. डाव्या पायाला. आकारामकाकांनी बरोबर दिला स्ट्रोक. आता ह्या सामन्याचं नाव काढू नगासा. पोरं खेळणार हाईत ती यंदाचं खेळणार हाईत."

मी उठून उभा राहिलो. तोंडातून एवढंच गेलं की दोन वर्षं गप्प का बसलास?

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही इचारलंच न्हाय की, आण्णा. त्या दिवशी घरी आल्या आल्या तुम्हीच म्हणाला, काठीला लागला हुता, मी ऐकलंय. तवा मी काय बोलू? सगळी गल्ली माझ्या बाजूनं भांडत हुती. गल्लीला खोटं पाडू व्हय?"

मग तो सरावाला निघून गेला आणि पोरं त्याच्या मागून गेली. आम्ही म्हातारे राहिलो. मला वाटलं आता कट्टा पोरावर तुटून पडणार. पण गणपतराव म्हणाले, "म्हंजे आपण हरलोच हुतो की." आणि हसायला लागले. आधी एकटेच हसले, मग हळूहळू सगळे. मला हसू आलं नाही. मी तसाच उठून दुकानावर आलो आणि पोत्यावर बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं त्याला परत पाठवलं.

राग कुणाचा करायचा हेच कळत नव्हतं. पोराचा करावा तर तो खरं बोलला. तुझा करावा तर तू खरा ठरलास, आणि खऱ्या ठरलेल्या माणसाचा राग करण्यात मजा नसते. अक्काताई रात्री म्हणाली, तुम्हाला एवढं वाईट वाटतंय ते हरल्याचं नाही, आकारामभाऊजींचं आहे, ते त्यांना कळवा. म्हणून कळवतो. तुझी आठवण येते. रोज संध्याकाळी येते. दुकानात माणसं येतात, बोलतात, पण माझं बोलणं चुकलं तर चुकलं म्हणणारं कुणी नाही.

आता हॉकीचं. काल कट्ट्यावर ठराव झाला, लेखी नाही, तोंडी. फायनलला शिट्टी आकारामची, आणि मैदानावर बहिष्कार घालणार म्हणणारे पुढच्या रांगेत बसणार. गणपतराव म्हणाले, त्याला कळवा की गल्लीतली माणसं स्टँडवर घ्यायला येतील. मी म्हटलं, तो पंच म्हणून येणार, त्याला घ्यायला कुणी जायचं नाही, तो शिस्तीचा माणूस आहे, परत फिरेल.

आणि एक समजून घे. हा स्ट्रोक बरोबर होता म्हणजे आपला संघ कच्चा आहे असं नाही. उलट मला आता जास्तच खात्री आहे. ज्या संघाचा कॅप्टन भरल्या तालमीत उभा राहून असं बोलू शकतो, त्याला उंबरवाले काय हरवतात! कट्ट्यावर वाद आता हा चाललाय की किती गोलांनी जिंकायचं.

होकार दे. तातोबाला मी दिलेला शब्द सोड, त्याचं मी बघून घेईन. जिनेशसाठी ये. त्यानं मला एवढंच सांगितलं आहे की काका शिट्टीला असतील तर मी मोकळा खेळीन.

भूपाल


कोल्हापूर, २३ जानेवारी १९९९

आकाराम,

तू गावात येऊन पाच दिवस झाले आणि मी तुला पत्र लिहितोय. अक्काताई म्हणते तुम्ही दोघं वेडे आहात. स्वतःच्या घराचं कुलूपही न काढता तू उतरलास ती असोसिएशनची खोली माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. रोज तुला मैदानावर बघतो. पहिल्या दिवशी तू पांढऱ्या कपड्यात आत आलास तेव्हा पोट जरा सुटलंय असं वाटलं, पण धावायला लागल्यावर काही फरक दिसला नाही. प्रेक्षकांच्या कडेनं जाताना तू माझ्यापाशी आलास, नजर समोर ठेवलीस आणि पुढं गेलास. गणपतराव म्हणाले, अजून राग हाय त्याचा. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला पंच कळत नाही. ज्या तालमीचा सामना आहे तिच्या माणसाशी फायनल होईपर्यंत बोलायचं नाही, चहा घ्यायचा नाही, उंबरा ओलांडायचा नाही, हा त्याचा पहिल्यापासूनचा नेम आहे. शाळेतसुद्धा सामन्याच्या दिवशी माझ्या डब्यातलं खायचा नाही.

म्हणून मीही आलो नाही. हे पत्र पोस्टानं न टाकता सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवतोय, म्हणजे उघड असेल. वाटलं तर तातोबालाही वाचून दाखव.

झालं मी म्हणत होतो तसंच. उद्या फायनल, आपण आणि उंबर तालीम. सेमीफायनलला प्रसेनजीतचा दुसरा गोल तू बघितलास. शिट्टी खाली करून तू एक क्षण नुसता बघत राहिलास, तेही मी बघितलं. आज कट्ट्यावर शेवटची चर्चा झाली. एकाचं म्हणणं दोन-एक, दुसऱ्याचं तीन-शून्य. गणपतरावांनी ज्योतिषाला विचारून आल्यासारखं पहिल्या हाफमध्येच निकाल लागणार असं सांगितलं. मी म्हटलं, तीन-एक. त्यांचा तो एक पेनल्टी कॉर्नरवर जाईल, तेवढा त्यांना देऊन टाकू.

एक हाफ तू आमच्या डीच्या बाजूला असणार. तिथं काय दिसेल ते दे. पोराच्या पायाला लागलं तर स्ट्रोक दे, शेवटच्या मिनिटाला दे, कप समोर ठेवलेला असताना दे. जिनेशनं मला बजावून ठेवलंय, आण्णा, उद्या तोंड उघडायचं नाही. मी त्याला हो म्हटलंय, पण माझ्या तोंडाचा भरवसा मी देत नाही. आरडाओरडा माझा असणार, तू ओळखशील. तिकडे लक्ष देऊ नकोस, तू कधी दिलंच नाहीस.

माझं सांगणं सामना संपल्यानंतरचं आहे. साडेतीनला सुरुवात, पाचपर्यंत आटोपेल, मग कप, हार, भाषणं. आमच्या घरी दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही, हे तुला आहेच ठाऊक. अक्काताईनं गूळपोळ्या करून ठेवल्यात आणि तुला आवडते ती बिनकांद्याची वांग्याची भाजी सकाळीच करणार आहे. तेव्हा भाषणं ऐकत थांबू नकोस. खोलीवर जाऊन कपडे बदलायचे, आंघोळ करायची, असले चोचले नकोत. शेवटची शिट्टी वाजली की मी मैदानाच्या फाटकाशी उभा असेन. जसा आहेस तसा, पांढऱ्या कपड्यात, सरळ माझ्याबरोबर घरी चल.

जिंकलो तर जिनेश कप घेऊन मिरवणुकीत असेल आणि पंगतीला आपण दोघंच असू. हरलो तर तोही घरी असेल, तिघं बसू. आणि तू दिलेल्या निकालावर हरलो, तर हाताचं उष्टं सुकेपर्यंत तुझ्याशी भांडेन, गल्लीला ऐकू जाईल असा भांडेन. पण वाढणार मीच, आणि तुझं पोट भरल्याशिवाय तुला उठू देणार नाही.

भूपाल